'हे नान काय आहे जी?'

आंबिया बहाराचे दिवस होते. कळमना मार्केटमधल्या एका संत्रा व्यापाऱ्यासाठी आम्ही बिलाची छोटीशी वेबसाइट बनवून दिली होती. शेतकऱ्याचं नाव, क्रेट किती, भाव काय, आणि खाली हमाली-तोलाई धरून एकूण रक्कम. पहिल्याच सकाळी त्यांचा फोन आला. "भाऊ, बाकी सगळं बराबर आहे, पण टोटलच्या जागी नान लिहून येऊन राहिलं. हे नान काय आहे जी?"

तंदूरमधलं नान नव्हे. एन, ए, एन ही तीन अक्षरं म्हणजे जावास्क्रिप्टचं 'नॉट अ नंबर', हा आकडाच नाही. आणि आकडा तर समोर होता. क्रेटची रक्कम स्वच्छ मराठीत छापली होती: १२५०. हमालीचे आकडेही होते. नागपूरच्या कुठल्याही माणसाने ती बेरीज तोंडी केली असती. ब्राउझरला मात्र ती जमत नव्हती.

कारण शोधायला मला पूर्ण दुपार लागली आणि सापडलं तेव्हा हसू आलं. मराठी पान मराठीच दिसावं म्हणून सर्व्हरवर आकडे मराठी पद्धतीने मांडायची सोय आम्ही हौसेने चालू केली होती. तिथून '१२५०' हा मजकूर ब्राउझरमधल्या स्क्रिप्टकडे गेला. जावास्क्रिप्टला ० ते ९ फक्त रोमन वळणाचे कळतात. देवनागरी एक, दोन, पाच, शून्य ही त्याच्या लेखी नुसती चित्रं. गंमत म्हणजे पायथन आणि जावा या भाषांना देवनागरी आकडे कळतात. त्यांना '१२५०' द्या, त्या निमूट बाराशे पन्नास समजतात. आम्ही सर्व्हरवर वापरत होतो त्या पीएचपीला हाच मजकूर दिला तर ती तक्रारही न करता शून्य म्हणते. म्हणजे एकाच लिखाणाचे तीन अर्थ: कुणाला बाराशे पन्नास, कुणाला शून्य, कुणाला नान.

त्या दुपारपासून मी या एका गोष्टीच्या मागे लागलो. सर्व्हरवरची किंमत ब्राउझरमधल्या स्क्रिप्टपर्यंत पोचवायची कशी? ऐकायला हे प्लंबिंगचं काम वाटतं. पण त्याला तीसेक वर्षांचा इतिहास आहे, आणि आपल्या लिपीने त्यात बरेच टक्केटोणपे खाल्ले आहेत.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. तुम्ही फोनवर एखादं पान उघडता तेव्हा दोन प्रोग्रॅम कामाला लागतात. एक सर्व्हरवर चालतो, तो मुंबईत असेल नाहीतर सिंगापुरात. तो डेटाबेसमधून माहिती काढतो, पान लिहितो, पाठवतो आणि त्या पानापुरता संपतो. दुसरा तुमच्या हातातल्या फोनवर चालतो, आणि तो पान पोचल्यावर जागा होतो. एकाच पानासाठी हे दोघं एकाच वेळी जागे कधीच नसतात. शिकाऊ मुलं हमखास विचारतात, "सर, पीएचपीचा व्हेरिएबल जावास्क्रिप्टमध्ये का दिसत नाही?" दिसणार कसा? लिहिणारा चिठ्ठी ठेवून गाव सोडून गेलेला असतो. वाचणाऱ्याला फक्त चिठ्ठी मिळते. सर्व्हरवर तो आकडा होता की होय-नाही होतं की यादी होती, हे चिठ्ठीत लिहिलं असेल तरच कळणार.

हे दोन्ही प्रोग्रॅम ज्या भाषांत लिहिले जातात त्या एकाच वर्षी जन्मल्या. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमस लर्डॉर्फने जून १९९५ मध्ये पीएचपी लोकांसमोर ठेवली. स्वतःच्या मुखपृष्ठासाठी केलेली ती हत्यारांची पेटी होती. त्याच्या महिनाभर आधी, मे महिन्यात, नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइकने दहा दिवसांत एक भाषा उभी केली. तिचं नाव आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि डिसेंबरमध्ये जावास्क्रिप्ट झालं. आपल्याकडे त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. नेटस्केपला दोन्ही टोकांना एकच भाषा हवी होती, आणि सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्टही त्यांनी विकायला काढली. ती तेव्हा चालली नाही. सर्व्हर पीएचपी, पर्ल, जावा आणि मायक्रोसॉफ्टच्या एएसपीकडे गेले, ब्राउझर जावास्क्रिप्टकडे राहिला, आणि मधली सीमा पक्की झाली. २००९ मध्ये रायन डालच्या नोडमुळे दोन्हीकडे एकच भाषा आली खरी, पण सीमा काही पुसली गेली नाही. भाषा एक झाली तरी यंत्रं दोनच राहिली.

सुरुवातीची युक्ती साधी होती. सर्व्हर पान लिहितोच आहे, तर त्यातली स्क्रिप्टही त्यानेच लिहावी. स्क्रिप्टमध्ये अवतरणचिन्हं उघडायची, त्यांच्या मधे सर्व्हरने ग्राहकाचं नाव छापायचं, अवतरणचिन्हं बंद करायची. झालं! दहातल्या नऊ नावांना हे चालतं. दहावं नाव गोव्याच्या नाहीतर वसईच्या कुणा डिसोझांचं निघतं. ते इंग्रजीत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर वर एक छोटा ॲपॉस्ट्रॉफी येतो. ब्राउझरला वाटतं अवतरण संपलं, आणि उरलेलं आडनाव त्याला कोडचा भाग वाटतं. पान मोडतं. पत्त्याच्या रकान्यात कुणी एंटर दाबून दोन ओळी लिहिल्या तरी तेच.

डिसोझांपुरता हा त्रास अधूनमधून व्हायचा. मराठीच्या वाट्याला तो घाऊक आला.

कृतिदेव फॉन्ट आठवतो? टायपिंगच्या आणि डीटीपीच्या दुकानांत तो अजून भेटतो. या जातीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं खरं तर मराठी नसतातच. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फक्त त्यांची चित्रं देवनागरी काढलेली असतात. 'नागपूर' हा शब्द आत यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे असा असतो. इथवर ठीक. पण मराठीला अक्षरं जास्त आणि इंग्रजी अक्षरं २६, त्यामुळे कीबोर्डवरची विरामचिन्हंसुद्धा कामाला जुंपली होती. कृतिदेवमध्ये अर्धा 'श' म्हणजे एकेरी अवतरणचिन्ह. अर्धा 'ष' म्हणजे दुहेरी अवतरणचिन्ह. 'ढ' म्हणजे <, म्हणजे वेबच्या भाषेत नवा टॅग उघडण्याचं चिन्ह. अर्धा 'क्ष' म्हणजे {, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये कोडचा गठ्ठा उघडणारा महिरपी कंस.

आता कृतिदेवमध्ये टाइप केलेली गावातल्या लोकांची यादी वेबसाइटवर चढवायची आणि नावं स्क्रिप्टकडे पाठवायची असं समजा. प्रत्येक शिंदे, प्रत्येक शेंडे, प्रत्येक देशमुख आपल्या पोटात एक एकेरी अवतरणचिन्ह घेऊन येतो. 'विशेष' या शब्दात तर दोन्ही जातीची अवतरणं आहेत. जगाच्या दृष्टीने जो अपवाद होता, ते आपल्या लिपीत मुळाक्षर होतं. शाळेत 'ढ' म्हणून हिणवलेल्या अक्षराने पान पाडावं, यात काव्यात्म न्याय आहे असं मला उगीचच वाटतं.

पान मोडणं हा किरकोळ त्रास. खरी भीती वेगळी होती. चुकून आलेलं चिन्ह पान मोडू शकतं, तर मुद्दाम टाकलेलं चिन्ह पानाकडून हवं ते करून घेऊ शकतं. नावाच्या रकान्यात कुणी नावाऐवजी स्क्रिप्ट लिहिली आणि सर्व्हरने ती जशीच्या तशी छापली, तर ते पान पाहणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये ती चालणार. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने याबद्दल जाहीर इशारा दिला. या प्रकाराला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग हे नाव पडलं ते त्याच सुमारास. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकार नावाच्या १९ वर्षांच्या मुलाने मायस्पेसवरच्या आपल्या प्रोफाइलमध्ये असा मजकूर पेरला. जो ते प्रोफाइल उघडेल तो आपोआप सॅमीचा मित्र व्हायचा आणि तोच मजकूर स्वतःच्या प्रोफाइलवर घेऊन जायचा. सुमारे २० तासांत दहा लाखांवर खाती 'सॅमी माझा हीरो' म्हणू लागली. न्यायालयाने त्याला प्रोबेशन दिलं आणि त्याच्या इंटरनेट वापरावर बंधनं घातली.

अवतरणचिन्हं निस्तरली तरी एक खाच उरतेच, आणि ती मला फार उशिरा कळली. स्क्रिप्टच्या आत, नीट बंदिस्त अवतरणांतसुद्धा, कुणी '</स्क्रिप्ट>' असा बंद करणारा टॅग लिहिला, अर्थात इंग्रजी स्पेलिंगने, की ब्राउझर तिथेच स्क्रिप्ट संपवतो. कारण पान वाचणारा भाग आधी चालतो आणि त्याला जावास्क्रिप्टची अवतरणं कळत नाहीत. त्याला फक्त टॅग दिसतात. एकाच चिठ्ठीला दोन वाचक, आणि पहिल्याला दुसऱ्याचं व्याकरण ठाऊक नाही.

यावर जो तोडगा निघाला त्याचं नाव जेसन. त्याच्या जन्माची गोष्ट थेट आपल्या विषयातलीच आहे. एप्रिल २००१ मध्ये डग्लस क्रॉकफर्ड आणि चिप मॉर्निंगस्टार यांनी पहिला जेसन संदेश सर्व्हरवरून ब्राउझरकडे पाठवला. तो एका वेबपानातल्या स्क्रिप्ट टॅगच्या आत बसवलेला होता. आणि तो फसला! संदेशातल्या एका खणाचं नाव त्यांनी 'डू' ठेवलं होतं, आणि 'डू' हा जावास्क्रिप्टने स्वतःसाठी राखून ठेवलेला शब्द. ब्राउझरने चूक दाखवली. राखीव शब्दांची यादी सांभाळत बसण्यापेक्षा क्रॉकफर्डने नियमच करून टाकला, की प्रत्येक खणाचं नाव अवतरणचिन्हांत हवं. आज जगभर रोज लिहिली जाणारी ती अवतरणचिन्हं अशी पहिल्याच फजितीतून आली आहेत.

नोव्हेंबर २००६ मध्ये पीएचपीच्या ५.२ आवृत्तीत जेसन लिहिणारं फंक्शन अंगभूत आलं. त्याने अवतरणांचा प्रश्न मिटवला, आणि मराठीसाठी नकळत आणखी एक मोठं काम केलं.

तोवर युनिकोड आपल्याकडे रुजू लागला होता. देवनागरी त्यात १९९१ पासून होती आणि विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह ती थेट संगणकात आली. 'न' आता खरोखर 'न' होता, त्याचा स्वतःचा क्रमांक होता. पण मधल्या वाटेवर अजून जुनी माणसं बसली होती. डेटाबेस वर्षानुवर्षं पश्चिम युरोपीय लिपी गृहीत धरायचे. मायएसक्यूएलने तर ही सवय २०१८ च्या ८.० आवृत्तीत सोडली. पान एका सांकेतिक पद्धतीत, डेटा दुसऱ्या, आणि पडद्यावर 'नागपूर'च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या 'ए' अक्षरांची रांग, नाहीतर सरळ प्रश्नचिन्हं. त्या काळात मराठीत काही बनवलेल्या प्रत्येकाने ही रांग पाहिली आहे.

पीएचपीचं नवं फंक्शन मराठी अक्षर तसंच लिहायचं नाही. उलटी तिरकी रेघ, यू, आणि अक्षराचा चार आकडी क्रमांक, असं लिहायचं. 'न' म्हणजे ०९२८, 'ग' म्हणजे ०९१७. 'नागपूर' साध्या यूटीएफ-८ मध्ये १८ बाइटचं, या रूपात ३६ बाइटचं. दिसायला भयंकर. पण त्यात सगळी चिन्हं साध्या इंग्रजी कीबोर्डवरची असल्यामुळे पानाची सांकेतिक पद्धत चुकली, मधल्या कुणी काही गैरसमज करून घेतला, तरी मजकूर शाबूत पोचायचा. ब्राउझर तो वाचून पुन्हा 'नागपूर' करायचा. २०१२ मध्ये पीएचपी ५.४ ने अक्षरं जशीच्या तशी लिहायची मुभा दिली आणि तरुण मंडळी लगेच तिकडे वळली. मी बराच काळ जुनंच वापरलं. दुधाने पोळलेल्यांपैकी मी.

तरी मराठीचा एक खास खड्डा राहिलाच. बातमीची पहिली १०० अक्षरं दाखवायची म्हणून सर्व्हरवर मजकूर कापतात. पीएचपीचं जुनं कापणारं फंक्शन अक्षरं नव्हे, बाइट मोजतं. इंग्रजीत दोन्ही एकच. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. मधल्या रिकाम्या जागा सोडल्या तर १०० बाइटांत ३३ चिन्हं पूर्ण बसतात आणि ३४ व्याचा एक तृतीयांश तुकडा लोंबकळत राहतो. तो तुकडा कुठलंच अक्षर नाही. जेसन लिहिणारं फंक्शन अशा मजकुराला हात लावत नाही, गुपचूप 'असत्य' परत करतं. ते छापलं की काहीच छापलं जात नाही. स्क्रिप्टमध्ये बरोबरच्या चिन्हानंतर रिकामी जागा राहते आणि सगळं पान गप्प. इंग्रजी मजकुरावर तपासणाऱ्याला ही चूक जन्मात दिसणार नाही.

या सगळ्या इतिहासातलं माझं लाडकं पात्र म्हणजे वर्डप्रेसमधलं एक फंक्शन. नागपुरात वर्डकॅम्प भरलेले आहेत, आणि इथल्या कितीतरी मुलामुलींची पहिली कमाई वर्डप्रेसवरच झाली आहे, त्यामुळे हे अनेकांच्या हातून गेलेलं असेल. २००७ च्या सुमारास आलेल्या या फंक्शनच्या नावाचा अर्थ 'स्क्रिप्टचं स्थानिकीकरण करा' असा आहे. नाव असं का? कारण ते भाषांतरासाठी होतं. भाषांतरं सर्व्हरवर असायची आणि 'खात्री आहे का?' असे प्रश्न ब्राउझरमधली स्क्रिप्ट विचारायची. ते शब्द मराठीत, बंगालीत, जपानीत तिच्यापर्यंत पोचवायला ही खिडकी उघडली. लोकांनी पाहिलं की खिडकी उघडी आहे, आणि त्यातून सगळंच आत ढकलायला सुरुवात केली: पत्ते, सेटिंग, आकडे. वर्षानुवर्षं जगभरच्या वेबसाइटी भाषांतराच्या खिडकीतून सामान पोचवत होत्या.

त्याची किंमतही द्यावी लागली. खिडकी शब्दांसाठी होती, म्हणून तिथून जाणारी सुटी किंमत शब्द होऊनच जायची. सर्व्हरवर 'एसएमएस पाठवायचा का?' याचं उत्तर ० असेल, तर पलीकडे अवतरणांतलं "०" पोचायचं, अर्थात रोमन वळणाचं. पीएचपीत अवतरणांतलं शून्य म्हणजे नाही. जावास्क्रिप्टमध्ये तेच अवतरणांतलं शून्य म्हणजे होय, कारण तिथे रिकामा नसलेला कुठलाही मजकूर होयच. मालकाने नको म्हटलं आणि एसएमएस गेले! डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० ने भाषांतरासाठी वेगळी जेसन फाइलींची वाट काढली, आणि इतर किमतींसाठी स्क्रिप्टच्या आधी स्वच्छ जेसन छापायची सोय आधीच आलेली होती. जुनी खिडकी अजून आहे. गर्दीही आहे.

आता चिठ्ठीबद्दलची शेवटची गोष्ट. ती उघडी असते. क्रोममध्ये पत्त्याच्या आधी इंग्रजीत 'व्ह्यू-सोर्स' आणि अपूर्णविराम लिहा, फोनवरही सर्व्हरने पाठवलेली मूळ चिठ्ठी दिसते. पडद्यावर न दाखवलेलंसुद्धा. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात सेंट लुइस पोस्ट-डिस्पॅच या वृत्तपत्राच्या जॉश रेनॉ या पत्रकाराने शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर हेच पाहिलं. शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक पानाच्या पोटात पडले होते. त्याने आधी खात्याला कळवलं, पान बंद झाल्यावर बातमी दिली. गव्हर्नर माइक पार्सन यांनी पत्रकार परिषद घेऊन त्याला हॅकर ठरवलं आणि खटल्याची भाषा केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलांनी खटला भरायला नकार दिला. क्रमांक कुणी चोरले नव्हते. सर्व्हरनेच ते प्रत्येक वाचणाऱ्याच्या हातात दिले होते.

नानच्या त्या दुपारी मीही आमच्या बिलाच्या पानाची चिठ्ठी उघडली होती, आकडा शोधायला. आकडा सापडला, आणि त्याच्या शेजारी प्रत्येक शेतकऱ्याचा मोबाइल नंबर आणि बँक खात्याचा क्रमांकही सापडला. बिलाला नाव आणि क्रेट एवढंच लागत होतं. पण एकेक खण निवडण्याचा कंटाळा म्हणून आमच्यातल्या एकाने, म्हणजे मीच, सगळी नोंद जेसन करून पानात टाकली होती. बिलाची लिंक व्हॉट्सॲपवर फिरत होती. व्यापाऱ्याने फोन केला नानसाठी, खात्यांबद्दल कुणीच केला नाही, कारण ते कुणाला दिसलंच नाही. नान दिसलं म्हणून तरी मी आत डोकावलो. ते खण मी आधी काढले, बेरीज नंतर दुरुस्त केली, आणि व्यापाऱ्याला दोन्ही गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या गोष्टीवर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "किती जणांनी पाहिलं असेल?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

बेरजेची दुरुस्ती चार ओळींची होती. सर्व्हर आता आकडा आकडा म्हणूनच पाठवतो, रोमन, स्वल्पविरामाशिवाय. बेरीज झाली की ब्राउझरच तो मराठी वळणात मांडतो. आजकालच्या ब्राउझरला 'मराठी, भारत' एवढं सांगितलं की १२,३४,५६७ असं लाखांच्या स्वल्पविरामांसकट नीट लिहून देतो.

आठवड्याभरात पुन्हा फोन. या वेळी त्यांच्या मुनीमजींनी क्रेटची संख्या फोनच्या मराठी कीबोर्डवरून टाइप केली होती, आणि नान परत आलं होतं. आता चिठ्ठी उलट्या दिशेने येत होती. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६. मुनीमजींनी टाइप केलेल्या प्रत्येक आकड्याच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की खरा आकडा उरतो. ती ओळ लिहिली, ३५ क्रेट टाकून पाहिले, आणि त्यांना म्हटलं, आता कुठल्याही कीबोर्डवरून लिहा.